‘नाहीत’ आणि ‘आढळले नाहीत’ : भूमिविकासापूर्वीच्या पुरातत्त्वीय पाहणीच्या भाषेचे परीक्षण

१

अहवालातील एका वाक्यासाठी संशोधन-पत्रिकेची इतकी पृष्ठे खर्ची घालणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु हे वाक्य दिसावयास साधे असले, तरी त्याच्या आधारे जमिनीचा एक मोठा तुकडा आपले रूप कायमचे पालटतो. आणि वाक्याची रचना व तिच्यातून निष्पन्न होणारा अर्थ हा तर आमच्या विषयाचा गाभाच होय. ते वाक्य असे : ‘प्रकल्पक्षेत्रात तसेच जवळपास कोणतेही पुरातत्त्वीय अवशेष नाहीत.’

नागपूरच्या पश्चिमेस योजिलेल्या एका वसाहतीच्या कागदपत्रांत हे वाक्य प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आले. वसाहत निवासी व विश्रामासाठी अशी दुहेरी होती : घरांचे भूखंड, त्यांच्या मध्यभागी कृत्रिम तळे, क्रीडांगण आणि आठवड्याच्या सुट्टीसाठी येणाऱ्यांकरिता विश्रामगृह. त्या परिसरातील बोलीचे नमुने गोळा करण्यासाठी आम्ही काही विद्यार्थ्यांसह तेथे गेलो होतो. शेतांची नावे विचारीत असता एका वृद्ध शेतकऱ्याने नियोजित तळ्याच्या जागेकडे बोट दाखवून ‘ते पांढरीतलं वावर’ असे सांगितले. आम्ही नाव लिहून घेतले. जमिनीवर खापरांचे तुकडे विखुरलेले होते. त्यांचे वय सांगण्याचा अधिकार भाषाशास्त्रज्ञाचा नव्हे, म्हणून त्याविषयी येथे काहीही विधान करीत नाही. पुढे अहवाल वाचनात आल्यावर तो तयार करणाऱ्या गृहस्थांस आम्ही या वावराविषयी विचारले. त्यांनी सौजन्याने उत्तर दिले : ‘यादीत नाव नाही, म्हणून नाहीत असे लिहिले.’ पावसाळ्यानंतर आम्ही पुनश्च तेथे गेलो, तेव्हा त्या वावरात चुन्याच्या फक्कीने भूखंडांच्या रेषा आखलेल्या होत्या.

या गृहस्थांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांस जो प्रश्न विचारला गेला त्याचे त्यांनी उत्तर दिले. आमचा आक्षेप प्रश्नावर आहे. वसाहतीपूर्वी पुरातत्त्वीय पाहणी हवी, याविषयी फारसा मतभेद दिसत नाही. परंतु ‘पाहणी’ या शब्दाने आपण नेमके काय मागतो, याचा विचार मात्र क्वचितच झालेला आहे.

२

मराठीत नकाराच्या तीन रचना येथे विचारात घ्याव्या लागतात. ‘अवशेष नाहीत’ हे अस्तित्वाचा निषेध करणारे वाक्य आहे; त्यात बोलणारा वस्तुस्थितीविषयी संपूर्ण हमी देतो. ‘अवशेष आढळले नाहीत’ या वाक्यात निषेध अस्तित्वाचा नसून आढळण्याचा आहे. ‘आढळणे’ या क्रियेस पाहणारा लागतो, पाहण्याची वेळ लागते, पाहण्याची रीत लागते. म्हणून या वाक्यावर ‘कोणास, केव्हा, कसे पाहिले असता?’ हे प्रश्न विचारता येतात. ‘अवशेष शोधले नाहीत’ ही तिसरी रचना. तिच्यात अवशेषांविषयी काहीच सांगितलेले नसते. सांगितलेले असते ते पाहणाऱ्याविषयी.

व्यवहारात या तिन्हींची सरमिसळ होते. शोधले नाहीत, म्हणून आढळले नाहीत. आढळले नाहीत, म्हणून नाहीत, अशी ती घसरण आहे. प्रत्येक पायरीवर विधान अधिक ठाम होत जाते आणि त्याचा आधार मात्र पहिल्या पायरीवरच राहतो. ‘नाहीत’ या रूपात कर्ताही लपतो व कृतीही लपते. पाहणीच्या अहवालात याहून सोयीचे आणि याहून अपायकारक क्रियापद सापडणे कठीण.

हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे, हे दाखविणारे एक उदाहरण सरकारी दप्तरातच आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात केंद्रीय संरक्षण लाभलेल्या १६५५ स्मारकांच्या प्रत्यक्ष पाहणीचा वृत्तांत दिला. त्यांपैकी ९२ स्मारके जागेवर मिळाली नाहीत. पुढे पुरातत्त्व खात्याने शोध घेतला. त्याचा हिशेब संसदीय समितीपुढे आला तो असा : ९२ पैकी ४२ स्मारके सापडली, १४ शहरांच्या वाढीत नष्ट झाली, १२ जलाशयांत बुडाली, आणि २४ चा ठावठिकाणा लागला नाही. ‘आढळली नाहीत’ या एका सदरात चार निरनिराळ्या वस्तुस्थिती दडलेल्या होत्या, आणि त्यांतील सर्वांत मोठा गट अस्तित्वात असलेल्या स्मारकांचा होता. ज्यांची नावे, गावे आणि अधिसूचना उपलब्ध होत्या अशा स्मारकांची ही स्थिती, तर ज्यांस नावच दिले गेलेले नाही त्यांच्याविषयी दोन ओळींच्या अहवालात ‘नाहीत’ म्हणण्याचे धाडस कोणी कशाच्या बळावर करावे?

३

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोठ्या बांधकामांस पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी आवश्यक करणारी केंद्र शासनाची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ रोजी निघाली. तिच्या मूळ तरतुदींनुसार २०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधकामाचे प्रकल्प, तसेच ५० हेक्टर वा त्याहून अधिक क्षेत्राच्या किंवा दीड लक्ष चौरस मीटर बांधकामाच्या नगरवसाहती या अटीखाली आल्या. तिला जोडलेल्या नमुन्यांतील दोन जागा आमच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली जागा संरक्षित क्षेत्रांच्या तक्त्याची. सांस्कृतिक वा अन्य मूल्यामुळे ज्या क्षेत्रांस कायद्याने संरक्षण आहे, त्यांची माहिती प्रकल्पाच्या हद्दीपासून १५ किलोमीटरच्या हवाई अंतरापर्यंत द्यावयाची होती. तक्त्यात एक रकाना ‘नाव किंवा ओळख’ यासाठी होता. या रकान्याचा परिणाम लक्षात घ्यावा. ज्यास नाव आहे तेच या तक्त्यात शिरू शकते. अज्ञात स्थळ येथे ‘अज्ञात’ म्हणूनही नोंदविता येत नाही, कारण अज्ञातास रकाना नाही.

दुसरी जागा केवळ बांधकाम-प्रकल्पांसाठी असलेल्या पुरवणी नमुन्याची. तेथे ‘सौंदर्यदृष्टी’ या शीर्षकाखाली, दृश्यास अडथळा होईल काय इत्यादी प्रश्नांच्या ओळीत, एक प्रश्न असा होता : मानववंशशास्त्रीय वा पुरातत्त्वीय स्थळे अथवा वस्तू जवळपास आहेत काय? या छोट्या प्रश्नात तीन गृहीते आहेत.

‘जवळपास’ हा शब्द दृष्टी बाहेर वळवितो. एखाद्यास ‘तुमच्या घराजवळ विहीर आहे काय?’ असे विचारले, तर तो स्वतःच्या अंगणातील विहीर क्वचितच सांगेल. कारण ‘जवळ’ म्हटल्यावर स्वतःची जागा वगळूनच आपण विचार करतो. प्रकल्पाची भूमी मुळात रिकामी आहे, हे या प्रश्नाने उत्तराआधीच मान्य केलेले आहे. दुसरे गृहीत ‘आहेत काय’ या क्रियापदात आहे. हा प्रश्न माहितीचा आहे, शोधाचा नाही; उत्तर देणाऱ्याने काही करावे अशी अपेक्षा त्यात नाही, असलेली माहिती सांगावी एवढीच आहे. तिसरे गृहीत शीर्षकात आहे. पुरातत्त्व हा देखाव्याचा प्रश्न मानल्यामुळे जे डोळ्यांस दिसते, उभे असते, तेच त्यात येते. ज्याचे महत्त्व मातीच्या रंगात आहे, ते सौंदर्यदृष्टीच्या सदरात कसे यावे?

असा प्रश्न विचारल्यावर ‘नाहीत’ हेच उत्तर येणार. ते खोटे असते असे नाही. ते प्रश्नाला साजेसे असते.

४

मूळ कायद्याची भाषा मात्र इतकी संकुचित नाही, हे नमूद केले पाहिजे. प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष यांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात ‘स्थळ’ या संज्ञेची व्याख्या करताना, निदान शंभर वर्षांचे ऐतिहासिक वा पुरातत्त्वीय महत्त्वाचे अवशेष ज्या क्षेत्रात आहेत, अथवा असल्याचे वाजवी कारणाने मानले जाते, असे क्षेत्र, अशी शब्दयोजना आहे. ‘मानले जाते’ हे पद फार मोलाचे आहे. त्याने न खणलेल्या, न पाहिलेल्या जमिनीसही ‘स्थळ’ होण्याची वाट मोकळी ठेवली. परंतु येथेही कर्ता अनुक्त आहे. कोणी मानावयाचे? शेतकऱ्याने? विद्यापीठाने? तलाठ्याने? प्रत्यक्षात खात्याने अधिसूचना काढावी तेव्हाच मानले जाते, असा त्याचा अर्थ रूढ झाला आणि व्याख्येतील उदारता यादीच्या दारात थांबली.

२०१० च्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून सर्व दिशांस १०० मीटरचे क्षेत्र प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित ठरविले आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची तरतूद केली. मोठ्या विकास-प्रकल्पांच्या परिणामाचा विचार करण्याचे काम या प्राधिकरणाकडे दिले आहे. परंतु ते नियंत्रित क्षेत्रातील प्रकल्पांपुरते. म्हणजे तीनशे मीटरच्या रेषेपर्यंत भूतकाळ आहे आणि तिच्यापलीकडे नाही, अशी कल्पना व्यवहारात प्रस्थापित होते. स्मारकाचे दृश्य सांभाळण्यास हे अंतर उपयोगी असेल. परंतु प्राचीन वसाहत कोठे होती, हे त्या वसाहतीतील माणसांनी आमच्या रेषा पाहून ठरविलेले नव्हते.

याच कायद्याच्या २४ व्या कलमानुसार संरक्षित नसलेल्या क्षेत्रातही पुरातत्त्वीय हेतूने उत्खनन करण्यास वा करू देण्यास राज्य शासनास केंद्राची पूर्वसंमती लागते. या नियंत्रणाचा उद्देश योग्यच आहे. अज्ञ हातांनी खणलेले स्थळ नष्ट झाल्यासारखेच असते. परंतु शब्दार्थाच्या दृष्टीने परिणाम विलक्षण होतो. क्रिया एकच, ‘खणणे’. तिला बंधन लागते ते हेतूवरून. जाणण्यासाठी दोन मीटरचा चर खणावयाचा तर संमती हवी. तीनशे मीटरच्या रेषेबाहेर तळ्यासाठी दोन एकरांचा खड्डा यंत्राने खणावयाचा तर पुरातत्त्वाच्या अंगाने कोणी विचारीत नाही. जमिनीच्या पोटात काय आहे हे समजून घेण्याची इच्छा हीच जणू धोक्याची ठरते.

५

ज्या प्रदेशातून हे उदाहरण घेतले, तेथे या प्रश्नाचे गांभीर्य अधिक आहे. नागपूरच्या भोवती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील शिलावर्तुळे मोठ्या संख्येने आहेत. मोठाले दगड वर्तुळाकार मांडून त्यांच्या आत माती व दगडगोट्यांची भर घातलेली ही दफनस्थाने. काटोल मार्गावरील जुनापाणी येथील वर्तुळे रिव्हेट-कारनॅक यांनी १८६७ मध्ये उकरून पाहिली होती. त्यापूर्वीच नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे या वर्तुळांकडे लक्ष गेले होते. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. याच हिस्लॉप यांनी जमविलेली गोंडी शब्दसंग्रहाची व गीतांची सामग्री त्यांच्या पश्चात १८६६ मध्ये रिचर्ड टेम्पल यांनी प्रसिद्ध केली. दगड पाहणारा आणि शब्द टिपणारा हा एकच मनुष्य होता, ही गोष्ट आम्हां दोन्ही विभागांच्या लोकांनी विसरता कामा नये.

पुढे नागपूर विद्यापीठाने टाकळघाट व खापा, माहुरझरी, नायकुंड येथे उत्खनने केली. त्यांतील टाकळघाट-खाप्याचा धडा प्रस्तुत विषयास विशेष लागू पडतो. खाप्यास वर्तुळे, म्हणजे मृतांची जागा. टाकळघाटास वस्तीचे टेकाड, म्हणजे जिवंतांची जागा. दोन्ही परस्परांशी जोडूनच समजतात. नायकुंडास लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, तीही वस्तीच्या संदर्भात. परंतु वर्तुळाचे दगड डोळ्यांस दिसतात, म्हणून ते यादीत येतात. जिल्ह्यातील कित्येक वर्तुळसमूह केंद्रीय यादीत आहेत आणि त्यांची नोंद प्रायः ‘शिलावर्तुळे’ व गावाचे नाव एवढीच असते. वस्तीची जागा मात्र नांगराखालच्या शेतासारखीच दिसते. यादीच्या आधारे पाहणी करणे म्हणजे मृतांचे दगड राखून त्या माणसांचे जगणे पुसून टाकणे होय.

६

येथे भाषेचा पुरावा उपयोगी पडतो, आणि हेच या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

मराठी खेड्याची वाटणी ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी आहे. काळी म्हणजे पिकाऊ जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या कागदपत्रांत ही जोडी वारंवार येते. हा भेद केवळ रूढीचा नव्हे. जेथे माणसे पिढ्यान् पिढ्या राहतात तेथे चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, हाडे व चुना मिसळून जमीन फिकी व भुसभुशीत होते. गाव उठून जाते, वरून नांगर फिरतो, परंतु मातीचा रंग व त्यावरून पडलेले नाव राहते. महाराष्ट्रातील प्राचीन वसाहतींची टेकाडे ओळखताना पुरातत्त्वज्ञांनी या ‘पांढरी’चा आधार घेतलेला आहे; आणि धाब्यासाठी व भिंतींसाठी हीच माती नेऊन गावकऱ्यांनी कित्येक टेकाडे कमी केली, हेही खरे. एखाद्या वावरास ‘पांढरीतलं’ म्हणणारा शेतकरी न कळत पुरातत्त्वीय विधान करीत असतो.

असेच दुसरे शब्द महसुली दप्तरात आहेत. विदर्भात उठून गेलेल्या गावास ‘रिठी’ म्हणतात. मौज्याच्या नावापुढे कंसात हा शब्द आजही लिहिलेला आढळतो. अन्यत्र ‘बेचिराग’ हा शब्द आहे. फारसीत त्याचा अर्थ दिवा नसलेले, म्हणजे ज्या गावात सांजवात लावण्यास कोणी उरले नाही असे. मराठीच्या कानास ‘चिराग’ परका वाटला आणि ‘राख’ परिचित, म्हणून ‘बेचिराख’ हे रूप झाले व अर्थही जळून राख झालेले असा पालटला. शब्दाच्या या रूपांतरात एक सूचना आहे : शांतपणे ओस पडलेले गाव आणि जाळलेले गाव यांतील भेद भाषेने पुसला, परंतु तेथे गाव होते ही साक्ष मात्र पुसली नाही. याशिवाय ‘गढी’, ‘जुने गावठाण’ अशी साधी नावे आहेतच.

ही सर्व नावे गावनकाशे, जुनी सेटलमेंटची कागदपत्रे आणि वृद्धांची स्मृती यांत विखुरलेली आहेत. ती कोणत्याही संरक्षित यादीत नाहीत, परंतु ती ‘वाजवी कारणाने मानले जाते’ या कायद्याच्या पदाचा सर्वांत सुलभ आधार होऊ शकतात. गाव स्वतःच ‘मानीत’ आले आहे. त्याचे मानणे कोणी टिपून घेतलेले नाही एवढेच.

येथे सावधगिरीही हवी. नाव हा पुरावा नव्हे, नाव ही दिशा आहे. ‘पांढरी’ हे नाव चुनखडीच्या जमिनीसही पडू शकते. ‘गढी’ शे-दीडशे वर्षांचीच असू शकते. पांडवांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागा सर्वत्र आहेत आणि त्यांवरून काळ ठरविणे हास्यास्पद ठरेल. उलट, ज्या स्थळास कोणतेच नाव नाही अशीही प्राचीन स्थळे असणारच. म्हणून नाव आढळले नाही यावरून ‘स्थळ नाही’ असे म्हणणे ही तीच चूक भाषाशास्त्राच्या वेषात करणे होईल. नावामुळे कोठे आधी पाहावे हे कळते. काय आहे हे पाहिल्यावरच कळते.

७

तर मग पाहणीची मागणी कोणत्या शब्दांत करावी? इंग्लंडातील अनुभव येथे उपयुक्त आहे. १९८९ मध्ये लंडनच्या साउथवर्क भागात कार्यालयाच्या इमारतीसाठी खणताना शेक्सपिअरकालीन रोझ नाट्यगृहाचे अवशेष निघाले आणि मोठा वाद झाला. बांधकाम ठरल्यानंतर, पैसा गुंतल्यानंतर स्थळ सापडले की विकासक व पुरातत्त्वज्ञ दोघांचीही हानी होते, हे सर्वांस कळून चुकले. १९९० च्या नोव्हेंबरात तेथे जे नियोजनविषयक मार्गदर्शन निघाले, त्यात महत्त्वाचे अवशेष असण्याचा संभव दिसल्यास परवानगीचा निर्णय घेण्यापूर्वी विकासकाकडून जागेवरील मूल्यमापन करवून घेणे वाजवी मानले. आणि हे मूल्यमापन म्हणजे पूर्ण उत्खनन नव्हे हेही स्पष्ट केले. २०१२ पासूनच्या राष्ट्रीय नियोजन धोरणातही ज्या जागेत असे अवशेष आहेत ‘अथवा असण्याची शक्यता आहे’ तेथे आधी कागदपत्रांचा अभ्यास व आवश्यक तेथे जागेवरील मूल्यमापन मागण्यास सांगितले आहे.

या धोरणाचे वेगळेपण दोन शब्दांत सांगता येईल : ‘शक्यता’ आणि ‘पूर्वी’. प्रश्न अस्तित्वाचा नसून संभवाचा आहे, आणि त्याची वेळ निर्णयाच्या आधीची आहे. तेथील व्यवस्था निर्दोष आहे असे मुळीच नव्हे. जो पाहणीचे पैसे देतो त्यालाच ‘काही नाही’ हे उत्तर हवे असते, हा तिच्यातील मूळ दोष होय, आणि आपल्याकडे तो अधिक तीव्र होईल. म्हणून पाहणी करणारा विकासकाने परस्पर निवडलेला नसावा. खर्च त्याचा, निवड सार्वजनिक संस्थेची, हे तत्त्व आरंभीच मान्य करावयास हवे.

आपल्या परिस्थितीत पुढील क्रम अव्यवहार्य ठरू नये. प्रथम गावनकाशा, सातबारा, जुने सर्वेक्षण-नकाशे व शेतांची नावे यांचा अभ्यास. नावे गट-क्रमांकासह नोंदलेली. नंतर पायी पाहणी. समांतर रांगांत, आणि पीक निघाल्यावर व पावसापूर्वी, कारण उभ्या तुरीत खापर दिसत नाही. संभव दिसल्यास मर्यादित चाचणी-चर. त्यांची संमती ठरावीक मुदतीत मिळण्याची सोय. अखेरीस अहवाल, आणि अहवालात ‘नाहीत’ या क्रियापदास बंदी. किती क्षेत्र चालून पाहिले, किती पिकाखाली असल्याने पाहता आले नाही, कोणती नावे मिळाली, कोणास विचारले, हे सांगून मग ‘आढळले नाहीत’ असे लिहावे. अशा वाक्याची पुढील अभ्यासकास तपासणी करता येते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला विलंबाचा. परंतु वरील क्रमातील पहिल्या दोन पायऱ्यांस महिन्या-दोन महिन्यांहून अधिक काळ लागण्याचे कारण नाही, आणि बहुतेक जमिनींचा प्रश्न तेथेच मिटेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो विकासकाचा नसून शेतकऱ्याचा आहे. कोरडवाहू जमिनीस प्रथमच भाव येत असता तिच्यात प्राचीन अवशेष निघणे हे त्याच्या दृष्टीने संकटच होय. ‘नाव सांगितले तर जमीन अडकेल’ असे त्यास वाटू लागले, तर तो नाव सांगणार नाही, आणि पुरावा गोळा करण्याचा आमचा मार्गच बंद होईल. ज्या वृद्धाने आम्हांस निःसंकोचपणे वावर दाखविले, त्याच्या विश्वासाचा मोबदला त्याच्या मुलांच्या नुकसानीने देणे अन्याय्य होय. म्हणून पाहणीची अट विक्रीवर नसून वसाहतीच्या रेखांकनावर असावी; आणि स्थळ निघाल्यास ते मोकळ्या जागेत, उद्यानात वा क्रीडांगणाखाली भराव घालून राखण्याचा पर्याय असावा. विश्रामासाठी योजिलेल्या वसाहतीत मोकळी जागा सोडावीच लागते. ती कोठे सोडावयाची एवढाच प्रश्न उरतो. आमच्या उदाहरणात तळे शंभर पावले सरकविले असते तर कोणाचेही काही बिघडले नसते.

८

शेवटी काही शब्द आपल्याच विषयाबद्दल. बोलींच्या सर्वेक्षणात आम्ही शेतांची नावे पुष्कळ गोळा केली. परंतु त्यांतील ध्वनिपरिवर्तने व प्रत्यय तपासून झाल्यावर ती वह्यांत मिटून ठेवली. नाव कोणत्या गटातील, कोणत्या दिशेचे, कोणी सांगितले, हे कित्येकदा लिहिलेच नाही. नावाची रचना आम्हांस हवी होती. नावाची जागा नको होती. जागेवाचून नोंदलेले नाव आणि नावावाचून नोंदलेली जागा या दोन्ही अर्ध्या नोंदी होत, आणि पहिल्या अपराधाचे आम्ही धनी आहोत. यादीवर विसंबून ‘नाहीत’ लिहिणाऱ्यास दोष देताना हे मनात असू द्यावे.

जमीन भूखंडांत विभागली गेली की शेतांची नावे फार काळ टिकत नाहीत. नावास वापर लागतो. आणि ‘पांढरीतल्या वावरात जातो’ असे म्हणणारा मनुष्य उरला नाही, की त्याच्या जागी रेखांकनातील क्रमांक येतो. मातीचा थर आणि मातीचे नाव एकाच यंत्राखाली एकाच हंगामात जातात. थर वाचविणे आमच्या हाती नाही. नाव तरी, गट-क्रमांकासह, चुन्याची रेषा पडण्यापूर्वी लिहून संबंधित कार्यालयाच्या नजरेस आणणे हे आमच्या विभागाच्या प्रत्येक क्षेत्रकार्यात अनिवार्य करावे, अशी या लेखाच्या निमित्ताने सूचना आहे. मग कोणी अहवालात ‘नाहीत’ असे लिहिले, तर निदान त्यास विचारता येईल की ही नावे वाचून पाहिली होती काय.